दुखणं किती आणे?

मैत्रिणींनो, आपल्या मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत, कधी मोजून पाहिलेत का? डोकं ठणकतं, गळू ठसठसतं, दाढेतून कळ जाते, कंबरेत उसण भरते, पाठीत चमक येते, पोटात मुरडा येतो, पायाला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, भाजलेलं चुरचुरतं, काटा सलतो. शेजारणीशी बोलताना यातला एकही शब्द आपण चुकत नाही. पण डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर बसलं की काय होतं कोण जाणे, तोंडातून एकच शब्द निघतो, ‘दुखतंय.’ किंवा त्याहून वाईट म्हणजे, ‘बरंय.’

आमच्या घरात हे ‘बरंय’ जवळजवळ दोन महिने चाललं होतं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, वय 74. लोणी काळभोरला आमचं शेत, थोडा ऊस, चार म्हशी आणि एकत्र कुटुंब. 2018 मध्ये आत्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, पुढची चार वर्षं चांगली गेली. 2022 च्या दिवाळीच्या तोंडावर पाठ धरली. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं, आजार मणक्यात आणि कंबरेच्या हाडात पोचलाय. ज्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं तिथे सांगितलं, “आता करण्यासारखं काही नाही. घरी न्या, सेवा करा.”

सेवा करायला कोण नाही म्हणतंय हो? पण सेवा म्हणजे नेमकं काय? पाय चेपू? त्या पाठीला हात लावू द्यायच्या नाहीत. चिठ्ठीवर एक साधी पेनकिलर लिहिलेली, ‘दुखेल तेव्हा’ म्हणून. रात्री फारच झालं की गावातल्या डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन. त्यावर तीन-चार तास डोळा लागायचा, की पुन्हा तेच. मोठे भाऊजी विचारायचे, “आई, कसं वाटतंय?” उत्तर ठरलेलं, “बरं हाय.” पोराला खर्चात पाडायचं नाही, पुन्हा हॉस्पिटलची पायरी चढायची नाही आणि मुळात बाईमाणसानं दुखण्याचा बोभाटा करायचा नाही, ही तिन्ही कारणं त्या दोन शब्दांत असायची. रात्री थ्री फेज लाइट आली की घरचे पुरुष उसाला पाणी द्यायला जात. मग आत्यांच्या खोलीतून बांगड्यांचा आवाज यायचा. पदराचा बोळा तोंडात धरून त्या कुशी बदलायच्या.

माझी एक मैत्रीण नर्स आहे. तिनं सांगितलं, “वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, तिथे घेऊन जा.” पुण्यात वारजे इथे 1997 पासून सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर चालतं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होवो न होवो, माणसाचा त्रास हलका करणारी सेवा. तिथे पेशंटकडून पैसे घेत नाहीत. घरचं एक माणूस सोबत राहू शकतं, आणि घरी कसं सांभाळायचं तेही शिकवतात. देशातलं असं पहिलं ठिकाणही आपल्याच महाराष्ट्रातलं, वांद्र्याचं शांती आवेदना सदन. ते 1986 मध्ये सुरू झालं. इतकी वर्षं हे सगळं आपल्या आसपास आहे, पण गावात विचाराल तर दहापैकी नऊ जणींना ठाऊक नसतं. कॅन्सरचं हॉस्पिटल कुठलं ते सगळ्यांना माहीत, कॅन्सरचं दुखणं कुठे दाखवायचं ते कुणालाच नाही.

लोणीहून वारजं म्हणजे पुण्याचं हे टोक ते ते टोक. सोलापूर रोडला टँकरची रांग, हडपसरची गर्दी. प्रत्येक गतिरोधकाला आत्या डोळे मिटून घ्यायच्या. पोचल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी कागद पाहिले नाहीत. आत्यांच्या जवळ खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, “आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे याच्याहून जास्त दुखूच शकत नाही. तुमचं किती?” आत्या गप्प. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या बाईला दुखण्याला मार्क द्यायचे म्हणजे कोडंच. बाई हसल्या. “बरं, रुपया म्हणजे सोळा आणे. त्यातलं किती आणे दुखतंय?”

आणि आत्या बोलल्या! “आत्ता बसल्या जागी सात आणे. कूस बदलली की बारा. गाडीत कवडीपाट वलांडूस्तवर पुरा रुपाया झाला व्हता.”

मी आणि भाऊजी एकमेकांकडे बघतच राहिलो. दोन महिन्यांचं ‘बरंय’ एका क्षणात रुपयावर आलं होतं. बाईंनी मग एकेक विचारायला सुरुवात केली. कुठे दुखतं, बोटानं दाखवा. तिथून कुठे सरकतं? कशानं वाढतं, कशानं थांबतं? रात्री झोप किती? आणि मुख्य म्हणजे, कसं दुखतं? आत्या म्हणाल्या, “पाठीत खोल ठणका हाय, हाडातून. आन् मांडीवरनं खाली करंट बसल्यावानी सणक जाती, आग आग व्हती.”

त्या दिवशी मला कळलं की हे शब्द नुसते रडगाणं नसतात. डॉक्टरांसाठी ती वाट दाखवणारी पाटी असते. खोल ठणका, हाललं की वाढणारा, तो बहुधा हाडातला. त्याला गोळ्या असतातच, पण पुष्कळदा नेमक्या जागी रेडिएशन देऊनही तो उतरतो. आपल्याकडे ज्याला ‘लाइट देणं’ किंवा ‘शेक देणं’ म्हणतात, तेच हे. हाडाच्या दुखण्याला कित्येकदा एकाच दिवसाचा शेक पुरतो. गुण यायला मात्र काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. आग, करंट, मुंग्या, सुया टोचल्यासारखं, हे नसेचं दुखणं. त्याच्या गोळ्या निराळ्या, आणि त्यातल्या काही मुळात फिटसाठी किंवा उदासीच्या आजारासाठी निघालेल्या. मेडिकलवाला म्हणाला, “ही तर फिटची गोळी,” तर घाबरून परत येऊ नका. डॉक्टरांना विचारा. आणि पोटातली कळ, पिळवटून येणारी आणि जाणारी, तिचं कारण कधी आतड्यात असतं, कधी निव्वळ चार दिवस पोट साफ न झाल्याचं. या तिघींना एकच गोळी देऊन भागत नाही. म्हणून सांगते, डॉक्टरांसमोर आपली शेजारणीशी बोलायची भाषा वापरा. इंग्रजी शब्द शोधत बसू नका.

आत्यांना तपासून बाईंनी मॉर्फिन सुरू करायचं म्हटलं आणि मोठे भाऊजी ताडकन उठले. “अफू? आईला अफू द्यायची?”

भाऊजींचंही चूक नव्हतं. मॉर्फिन अफूपासूनच निघतं. नीमच, मंदसौर, चितोडगड भागात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते, आपला देश जगाला कायदेशीर अफू पुरवत आलाय. पण 1985 मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला आणि मॉर्फिन ठेवायला हॉस्पिटलांना एकावर एक परवाने लागायला लागले. कोण त्या भानगडीत पडणार? पुष्कळांनी ते ठेवणंच सोडलं. डॉक्टरांची एक पिढी ते औषध न हाताळताच तयार झाली. केरळातल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 2014 मध्ये संसदेनं कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त हॉस्पिटलांसाठी वाट सोपी झाली. तरीही 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाच्या आयोगानं हिशोब मांडला तेव्हा भारतात अशा औषधाची जेवढी गरज होती, त्यातली जेमतेम 4 टक्के भागत होती. पिकवणारे आपण आणि कण्हणारेही आपणच!

बाईंनी भाऊजींना बसवलं आणि शांतपणे सांगितलं. व्यसन म्हणजे नशेसाठी मन ओढ घेतं ते. दुखण्यासाठी, मापून, डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या औषधानं तसं होण्याची भीती या पेशंटमध्ये फार कमी. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून ते अचानक बंद करायचं नसतं, हळूहळू कमी करायचं. “मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट जवळ आला का?” हा प्रश्न भाऊजींनी खाली मान घालून विचारला. नाही. योग्य मापात दिलेलं मॉर्फिन मरण जवळ आणत नाही. ते दुखण्याच्या मापानं द्यायचं, दिवस किती उरलेत त्या मापानं नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 मध्येच पायऱ्या घालून दिल्यात. थोडं दुखत असेल तर पॅरासिटामॉलसारखी साधी गोळी, जास्त असेल तर त्याच्या वरची, आणि फार असेल तर मॉर्फिन. शक्य तोवर तोंडानं, आणि दुखायची वाट न बघता घड्याळाप्रमाणे.

ही घड्याळाची गोष्ट मला सगळ्यात पटली. ‘दुखेल तेव्हा’ गोळी म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर चारेक तास राहतो, म्हणून ती चार-चार तासांनी. आमच्याकडे सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशा वेळा ठरल्या. मध्यरात्री उठवायला नको म्हणून दहाची गोळी बाईंनी जास्त मापाची दिली. मधेच उसळी मारली तर द्यायला एक जादा डोस वेगळा लिहून दिला. हे सगळं आत्यांचं माप होतं हं. वय, किडनी, वजन बघून प्रत्येकाचं वेगळं ठरतं. शेजारच्या काकूंची गोळी आपल्या माणसाला देण्याचा शहाणपणा कुणी करू नये. काही गोळ्या सावकाश विरघळणाऱ्या असतात, त्या कुटून दिल्या तर बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. ते फार धोक्याचं.

पहिले दोन-तीन दिवस आत्या झोपूनच होत्या. भाऊजींचा चेहरा पुन्हा पडला. बाईंनी सांगूनच ठेवलं होतं, “थोडी गुंगी औषधाची, पण दोन महिन्यांची झोपही साठलीय. हाक मारून उठतायत ना? मग झोपू द्या.” हाक मारून उठल्या नाहीत, श्वास फार मंद झाला, तर लगेच फोन करायचा, हेही बजावलेलं. मळमळ आठवड्यात गेली. एक गोष्ट मात्र जात नाही, बद्धकोष्ठ. मॉर्फिन चालू तोवर पोट साफ व्हायचं औषधही पहिल्या दिवसापासून चालू. लाजेखातर हे कुणी बोलत नाही आणि मग पोटाचं दुखणं पाठीच्या दुखण्यावर चढतं. जी बाई मुलाला ‘दुखतंय’ म्हणत नाही, ती ‘चार दिवस झाली नाही’ हे कशाला म्हणेल? ते सुनेनंच विचारावं लागतं.

मी रतिबाच्या दुधाची वही ठेवते, तशीच एक वही आत्यांची केली. वेळ, किती आणे, गोळी दिली का, तासाभरानं किती आणे, झोप, शौच. एवढंच. पहिल्या पानावर बारा, चौदा, बारा. दुसऱ्या आठवड्यात सहा, पाच, सात. बाई फोनवर वहीतले आकडे विचारायच्या आणि त्यावरून डोस वरखाली करायच्या. आठ दिवसांनी डॉक्टरांपुढे जाऊन “तसं बरंय, पण मधेमधे दुखतं” असं सांगण्यात आणि ही वही पुढे ठेवण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

वहीमुळेच एक विचित्र गोष्ट दिसली. संध्याकाळच्या सहाला गोळी वेळेवर, तरी सात वाजता आकडा दहा-बारावर. रोज. गोळी वाढवूनही तेच. घरी येणाऱ्या नर्सताईंनी वही बघितली आणि एका संध्याकाळी मुद्दाम थांबल्या. आत्यांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “आजी, दिवेलागणीला काय होतं?” बराच वेळ गेला. मग आत्या बोलल्या. त्यांची आई 1979 मध्ये गर्भपिशवीच्या कॅन्सरनं गेली, दौंड तालुक्यातल्या एका वाडीवर. शेवटचा महिनाभर रात्र झाली की ओरडायची, तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. “माजी आय वरडत ग्येली. अंधार पडला की मला तिचाच आवाज येतो. मी बी तशीच जाणार.”

नवऱ्याला नाही, मुलांना नाही, कुणाला हे कधी सांगितलं नव्हतं.

लंडनमध्ये 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्स या बाईंनी हेच सांगितलं होतं की माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं. त्यात मनाची भीती, घरची काळजी, देवाशी चाललेलं भांडण असं सगळं मिसळलेलं असतं, आणि इलाजही सगळ्याचा मिळून करावा लागतो. त्या आधी नर्स होत्या, मग डॉक्टर झाल्या. नर्सताईंनी आत्यांना खोटा धीर दिला नाही. एवढंच म्हणाल्या, “तुमच्या आईच्या वेळी गावात हे औषध नव्हतं. आता आहे. तुम्हाला ओरडू देणार नाही.” त्या दिवसापासून दिवेलागणीला कुणीतरी आत्यांजवळ बसायचं, असं आम्ही दोघी जावांनी ठरवलं. कधी नातू अभ्यास घेऊन बसायचा, कधी मी भाजी निवडत. सातचा आकडा सहावर आला. गोळी न वाढवता.

बाळंतपणाच्या कळांशी तुलना आपण सगळ्याच करतो ना? मीही एकदा बोलून गेले, “आत्या, पाच बाळंतपणं काढलीत तुम्ही घरात.” तर म्हणाल्या, “त्या कळांच्या म्होरं बाळ असतं गं.”

बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “दुखणं कमी झालं तर काय करावंसं वाटतं?” आत्या म्हणाल्या होत्या, “थेऊरला संकष्टीला जायचंय.” आमच्याकडून चिंतामणी काही फार लांब नाही, पण तेव्हा अंगणात जायचे वांधे होते. जानेवारी 2023 मधल्या चतुर्थीला आम्ही त्यांना नेलं. निघायच्या अर्धा तास आधी जादा डोस, पाठीला दोन उशा, गाडी बैलगाडीच्या चालीनं. गाभाऱ्यापर्यंत खुर्चीवरून. परत आल्यावर वहीत मी विचारून लिहिलं, आठ आणे. आत्या म्हणाल्या, “लिव्ह, पर फिटले म्हनून लिव्ह.”

एक गोष्ट मात्र घरोघरी माहीत हवी. मणक्यात आजार असलेल्या माणसाची पाठ एकाएकी फार वाढली, पायातली ताकद गेली, पाय बधिर झाले किंवा लघवी अडली, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठलं तर पाय वाचण्याची आशा असते.

ज्यांना पुणं लांब पडतं त्यांनी जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात ‘पॅलिएटिव्ह केअर’ हेच नाव घेऊन विचारावं. परळच्या टाटा हॉस्पिटलात तर त्याचा वेगळा विभागच आहे, तिथे आधी इलाज झालेल्यांनी तो जरूर गाठावा. केरळातल्या ‘पॅलियम इंडिया’ या संस्थेकडे राज्यवार केंद्रांची यादी मिळते. गावच्या साध्या मेडिकलमध्ये मॉर्फिन मिळत नाही, म्हणून गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच फेरीची सोय करावी.

शेवटच्या आठवड्यात आत्यांचं बोलणं बंद झालं. मग आणे कोण सांगणार? नर्सताईंनी शिकवलं, कपाळ बघ. आठ्या पडल्यात का, मुठी वळल्यात का, कूस बदलताना अंग आखडतं का, कण्हतात का, श्वास उगाच भरभर चाललाय का. गिळता येईना तेव्हा औषध सुईनं, कातडीखाली द्यायला लागले. आम्ही दोघी जावा आळीपाळीनं कपाळ बघत बसायचो आणि वहीत आण्यांऐवजी लिहायचो, ‘कपाळ मोकळं.’

फेब्रुवारी 2023 मध्ये एका पहाटे त्या गेल्या. दिवेलागणीपासून त्यांच्या खोलीतून काही आवाज आला नव्हता.

तेराव्यानंतर कपाट आवरताना मॉर्फिनच्या 11 गोळ्या निघाल्या. हे औषध घरात तसंच पडू द्यायचं नाही, लहान मुलांच्या हाती तर मुळीच लागू द्यायचं नाही, आणि कचऱ्यातही टाकायचं नाही, हे आम्हाला सांगितलेलं होतं. मोठे भाऊजी स्वतः वारज्याला गेले आणि मोजून परत देऊन आले.